ऊठ, खा, वाट लांब आहे

मी धावते हे कळलं की चर्चमधली माणसं हमखास संत पौलाचं वचन सांगतात. शर्यतीत सगळेच धावतात पण बक्षीस एकालाच मिळतं, तर तुम्ही असं धावा की ते तुम्हाला मिळेल. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ९व्या अध्यायात आहे ते. पौलाने ते उगाच लिहिलेलं नाही, करिंथजवळ इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे, जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर सुकलेल्या सेलरीच्या पानांचा मुकुट मिळायचा, आणि पौल त्या शहरात दीड वर्ष राहिलेला, त्यामुळे पुढच्याच ओळीत त्याने नाशवंत मुकुट म्हटल्यावर तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते कळतं. मला ते वचन आवडतं, पहाटेचा गजर वाजतो तेव्हा उपयोगीही पडतं. पण २०२४च्या पावसाळ्यात फुल मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हापासून माझ्या मनात बायबलमधला संदेष्टा एलिया बसलाय, आणि तो बसला आमच्या अंगणामुळे आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरामुळे. तेच लिहून ठेवतेय.

आमचं घर वसईत, गिरीजच्या बाजूला. घरात सासू-सासरे, नवरा, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि मी. ऑफिस अंधेरीला, म्हणजे रोजची लोकल आलीच. धावण्याच्या आधी माझ्याकडे चालणं आलं, तेही पपांचं. पपा म्हणजे माझे सासरे. त्यांना स्ट्रोक आला आणि डावा हात, डावा पाय दोन्ही गेले. केळीचा आख्खा घड खांद्यावर टाकून वाडीतून घरी आणणारा माणूस एका रात्रीत खाटेवर. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर फिजिओथेरपीसाठी एक मॅडम यायच्या, त्यांनी सांगितलं की सकाळ-संध्याकाळ चालवायचंच, टाच आधी टेकवायची मग पंजा, पाय ओढू द्यायचा नाही. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, तो पाचलाच बाहेर पडतो, म्हणून सकाळचं चालवणं माझ्या वाट्याला आलं. ओटीवरून उतरायचं, अंगण ओलांडायचं, गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे तिथपर्यंत जायचं आणि परत. तिथे पोचलो की पपा उजवा हात चौथऱ्यावर टेकवून उभे राहायचे, श्वास भरून घ्यायचे, क्रुसाची खूण करायचे आणि मग आम्ही वळायचो.

पहिले काही आठवडे ते मला हात लावू देत नव्हते. "सोड, मी काय लहान पोर आहे?" मी अर्धं पाऊल मागे चालायचे, आत्ता पडतील की मग पडतील या धास्तीने माझेच पाय कापायचे. मग मे महिन्यात एका सकाळी पॅन्टचा पट्टा एका हाताने लागेना. बराच वेळ खटपट चालली होती, मी दारात उभी, काही बोलले नाही. शेवटी त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून बाजूला धरला आणि म्हणाले, "बाय, बांध गं." मी पट्टा बांधला, बक्कल नीट मध्यावर आणून दिलं कारण त्यांना ते तसंच लागतं, आणि आम्ही चालायला निघालो. त्या दिवशी क्रुसापर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि पाय पहिल्यांदा इतका सरळ पडला.

योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो की तरुण होतास तेव्हा आपली कंबर आपण बांधून वाटेल तिकडे जायचास, म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरं कुणीतरी तुझी कंबर बांधेल. ते पेत्राला कसं मरण येणार त्याविषयी आहे, योहान तसं स्पष्टच सांगतो. तरी त्या दिवशी लोकलमध्ये उभ्याउभ्या मला तेच वचन आठवत होतं. पेत्र बोटीतून पाण्यात उडी टाकणारा, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी बोलणारा माणूस, आणि येशू त्याला सांगतो की माझ्यामागे ये म्हणजे एक दिवस हात पुढे करायला शीक. मला वाटतं येशूला पकडायला आले तेव्हा उपसलेली तलवार म्यान करण्यापेक्षा हे पेत्राला जड गेलं असेल.

तर पपांना खुर्चीत बसवून चहा दिला की माझ्याकडे तयारीच्या आधी थोडा वेळ उरायचा, तेवढ्यात मी भुईगावच्या दिशेने पळून यायचे. सुरुवातीला फक्त अंग मोकळं व्हावं म्हणून. मग अंतर वाढत गेलं, मग आमच्या भागातला रनिंगवाल्यांचा ग्रुप मिळाला, मग एक हाफ मॅरेथॉन झाली, आणि जानेवारी २०२५च्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव दिलं, पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. नवरा म्हणाला, "शनिवारी मला सुट्टी असते, लॉन्ग रन शनिवारी ठेव, पपांचं मी बघतो." एवढंच बोलला तो, आणि पुढे सगळे महिने तसंच केलं, एकदाही बोलून दाखवलं नाही. चांगल्या नवऱ्यांचं कौतुक फार होत नाही म्हणून इथे करून ठेवते.

११ ऑगस्टचा रविवार. चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे सामान्य काळातला १९वा रविवार होता, आणि मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, पहिलं वाचन राजांच्या पहिल्या ग्रंथातलं, १९वा अध्याय. एलियाने कार्मेल पर्वतावर एवढा मोठा विजय मिळवलेला, आणि लगेच पुढे ईजबेल राणीची धमकी येते आणि तो जीव घेऊन पळतो. बैरशेबापर्यंत जातो, नोकराला तिथे ठेवतो, एकटाच वाळवंटात दिवसभराची वाट चालतो आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, देवा पुरे झालं, माझा जीव घे. आणि झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत परत येतो, परत हात लावतो, ऊठ, खा, वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चाळीस रात्री चालून होरेबला पोचतो.

मी हे वाचन पूर्वीही ऐकलेलं, पण त्या आठवड्यात पावसात भिजत पहिली मोठी लॉन्ग रन करून मी जिने सुद्धा बाजूने उतरत होते, त्यामुळे शब्द न् शब्द आत गेला. देवदूत एलियाला एका शब्दाने रागावत नाही. काल तर एवढा पराक्रम केलास, आज विश्वास कुठे गेला, असलं काही विचारत नाही, प्रार्थना कर असंही सांगत नाही. खायला देतो, झोपू देतो, उठवून परत खायला देतो. आणि वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे हे त्याला सरळ मान्य आहे. आम्हा धावणाऱ्यांना सगळीकडे हेच ऐकवतात की तू करू शकतेस, सगळं तुझ्या आतच आहे. देवदूत म्हणतो नाही जमणार तुला, म्हणून हे घे. त्याच मिस्सेत शुभवर्तमान होतं योहानच्या ६व्या अध्यायातलं, मी जीवनाची भाकर आहे. दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत आपण कशासाठी उभे राहतो ते वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

चर्चमधून परत येताना आई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या पद्धतीने म्हणाल्या, "त्याला कुणीतरी भाकर भाजून दिली ना, मग गेला चाळीस दिवस. उपाशी कोण कुठे जातंय." थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "शनिवारी किती वाजता उठतेस तू?"

पुढच्या शनिवारी साडेतीनला मी उठले तर स्वयंपाकघरात लाईट. नाचणीची पेज मीठ घालून, वर थोडा गूळ, आणि कोरा चहा. मी म्हटलं आई तुम्ही कशाला उठलात, मी करून घेतलं असतं, तुम्ही झोपा बरं. त्या म्हणाल्या, "बस, खा आधी. मला तशीही झोप नाही, तू गेलीस की मी रोझरी म्हणते." मी बसले आणि खाल्लं. आणि पेज पिताना लक्षात आलं की मी आत्ता जे बोलले ते पपांचंच वाक्य होतं, सोड, मी काय लहान पोर आहे.

त्यानंतर जानेवारीपर्यंत दर शनिवारी ते चालू राहिलं.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की आमच्याकडे सुकेळी घालतात. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, राजेळी केळं पूर्ण पिकवून, सोलून, आख्खंच्या आख्खं उन्हात सुकवायचं. आईंनी अंगणात मांडव टाकलेला, त्यावर चटया, त्यावर सोललेली केळी ओळीने. रोज सकाळी उन्हात मांडायची, दुपारी प्रत्येक केळं हाताने उलटायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्यायची. दिवसागणिक ती आक्रसत जातात, पिवळ्याची सोनेरी होतात मग तांबूस, वरून चिकट मधासारखा पाक सुटतो आणि मुंग्या आणि माशा यांच्यावर नजर ठेवायला पपांची खुर्ची मांडवाशेजारी. एका हातात फडकं, ते त्यांचं काम, आणि ते त्यांनी फार मन लावून केलं. तयार झाली की केळीच्या सुक्या पानात गुंडाळून बांधायची. त्या वर्षी आईंनी काही सुकेळी वेगळी काढली, बोटभर तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला चिमूटभर मीठ चोळलं आणि बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये भरले.

आता यातलं शास्त्र असं की शरीरात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते, त्याला धावणारे वॉल म्हणतात, म्हणून पळता पळताच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जावं लागतं. बाजारात त्याची जेल मिळतात, एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम. माझ्या पोटाला ती मानवत नव्हती. सुकेळी मानवली, साखर आहे, मीठ लावलेलं आहे, चावायला थोडं आहे. वॉल सगळ्यांना येते, जोर असलेल्यालाही येते, कारण माणसाचं शरीर तेवढंच बांधलेलं आहे. इथे मला एलियाचा चंबू आणि भाकर रोज दिसायला लागली. आणि अजून एक गोष्ट, योहानच्या ज्या अध्यायात पेत्राच्या कंबर बांधण्याचं वचन येतं, त्याच अध्यायात त्याच्या जरा आधी शिष्य रात्रभर जाळी टाकतात आणि काहीच मिळत नाही, पहाटे येशूच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं भरतं, आणि ते किनाऱ्याला येतात तर तिथे येशूने निखारे पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवलेली असते, या, न्याहारी करा. मरणातून उठलेला देव काय करतो तर दमलेल्या माणसांसाठी चूल पेटवतो. समुद्रावरच्या माणसांना हे जास्त चांगलं कळेल, पहाटे होड्या येतात तेव्हा किनाऱ्यावर घरच्या बायका उभ्या असतात ते आम्ही अर्नाळ्याला बघतोच.

लॉन्ग रनचा रूट उत्तरेकडे असायचा, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी करत अर्नाळ्याच्या बाजूला. अंधारात हेडलाईट नसलेल्या सायकली, दूधवाले, फुलं आणि भाजी घेऊन स्टेशनकडे निघालेल्या बायका. आणि गावागावात नाक्यावर क्रूस, कुठे पांढरा, कुठे निळा, कुठे मेणबत्ती अजून जळतेय. मी किलोमीटर बघायचं सोडून क्रूस बघायला लागले. माझ्या बोटात रोझरीची, म्हणजे जपमाळेची, अंगठी असते, दहा मणी असलेली, अंगठ्याने एकेक मणी पुढे सारायचा. नमो मरिया या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग श्वास सोडताना, दुसरा पुढच्या श्वासाला, असं बसलं की पेस आपोआप सारखी राहते आणि मनातले ऑफिसचे मेल गप्प होतात. रोझरी म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग मनात आणायचे, त्यांना रहस्यं म्हणतात, आणि शनिवार म्हणजे आनंदाची रहस्यं. दुसरं रहस्य मरियेने एलिझाबेथला दिलेली भेट. नाझरेथपासून यहुदियाच्या डोंगराळ भागातलं ते गाव म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, आणि लूक म्हणतो ती घाईने गेली. नुकतीच गरोदर राहिलेली कोवळी पोर, आणि तिकडे म्हातारपणी पहिलं बाळ होणाऱ्या नातेवाईक बाईच्या घरी जाऊन साधारण तीन महिने राहिली. तिथे काय केलं हे लूक लिहीत नाही, पण कोणत्याही बाईला विचारा, बाळंतपणाच्या घरात तीन महिने माणूस काय करतो. पाणी भरतो, भाकऱ्या थापतो.

कधी कधी दुसऱ्या बाजूला किल्ल्याकडे जायचे. किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत, संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने लोक ते ओळखतात, दरवर्षी सणाला तिथे मिस्सा होते. गोन्सालो वसईत जन्मलेले, आई इथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ला जपानमध्ये नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यात ते होते, आणि त्याआधी त्यातल्या बहुतेकांना क्योटोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत जवळपास महिनाभर चालवत नेलं. १८६२मध्ये त्यांना संत घोषित केलं. मी त्या भिंतींपाशी वळून परत फिरायचे तेव्हा आपल्या तळपायाला आलेले फोड या विषयावर देवाजवळ तक्रार करायची इच्छा व्हायची नाही.

नोव्हेंबरमध्ये सगळ्यात मोठी लॉन्ग रन ठरलेली त्याच्या आदल्या रात्री मुलीला ताप आला. १०२च्या वर. गजर बंद केला आणि कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. पाचच्या सुमारास ग्रुपमधली माणसं गेटसमोरून गेली, त्यांच्या बुटांचा आवाज आला, आणि मनात आलं ते आलंच, आता एवढं अंतर परत कधी बसवणार. मुलगी जागी होती, गोष्ट सांग म्हणाली. मला दुसरी आठवेना, एलियाची सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "नुसती भाकर? सोबत काही नाही?" मी म्हटलं पाणी होतं. "आणि देवदूत तिथेच बसून राहिला का तो झोपला तेव्हा?" मी म्हटलं तसं लिहिलेलं नाही, पण दुसऱ्यांदा उठवायला आला म्हणजे जवळपासच असणार. "म्हणजे तू बसलीस तसा," म्हणाली आणि झोपली. मी कितीतरी प्रवचनं ऐकली असतील, पण त्या प्रकरणात देवदूताच्या बाजूने विचार करायचा हे मला त्या दिवशी चौथीतल्या मुलीने शिकवलं. त्या पहाटे जे काम माझ्याकडे होतं ते जवळपास बसून राहण्याचं होतं, आणि मी ते केलं. मोठी रन पुढे केव्हातरी डिसेंबरमध्ये झाली.

मॅरेथॉन रविवारी असते यावरून मुलाने मला धरलं. त्याने शाळेत एरिक लिडेल या धावपटूबद्दल वाचलेलं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला १०० मीटरच्या हीट्स रविवारी होत्या म्हणून तो धावलाच नाही, आणि मग ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत गोल्ड, पुढे मिशनरी म्हणून चीनमध्ये गेला आणि १९४५मध्ये तिथेच जपान्यांच्या छावणीत वारला. "तो नाही पळाला, मग तू कशी पळतेस?" प्रश्न चांगला होता आणि मला तो टाळायचा नव्हता. मी त्याला सांगितलं की लिडेलच्या परंपरेत रविवार तसा पाळतात आणि त्याने सगळ्या जगासमोर ते पाळलं हे मोठंच आहे, आपल्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, म्हणून आपण शनिवारी जाऊ, सगळे मिळून. तो म्हणाला, "सगळे? पपा पण?" तोपर्यंत पपा चर्चला गेले नव्हते, फादर घरी कम्युनियन आणून द्यायचे. १८ जानेवारीला पपा आले. रिक्षाने, मग माझा आणि नातवाचा हात धरून आतपर्यंत. टाच, मग पंजा.

आणि त्या मिस्सेचं शुभवर्तमान काना गावच्या लग्नाचं होतं. मी ते निवडलेलं नव्हतं, त्या रविवारचं तेच होतं. सहा दगडी रांजण, प्रत्येकात अंदाजे ८० ते १२० लिटर पाणी मावेल असे. येशू चाकरांना सांगतो भरा, आणि ते काठोकाठ भरतात. हिशोब केला तर साधारण पाचशे ते सातशे लिटर पाणी. नळ नव्हता, विहिरीवरून घडे भरून आणायचं, लग्नघरात, पाहुणे बसलेले असताना. त्या पाण्याचा द्राक्षारस झाला, आणि तो चांगला म्हणून कौतुक नवऱ्या मुलाचं होतं. कारभाऱ्याला कळलं नाही तो कुठून आला, पण योहान कंसात टाकल्यासारखं एक वाक्य लिहितो की ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं त्यांना माहीत होतं. त्या घरात चमत्कार पहिल्यांदा कळला तो पाणी वाहून दमलेल्या लोकांना. मी बाजूला बसलेल्या आईंकडे बघितलं, त्या पपांचा कॉलर नीट करत होत्या.

रविवारी पहाटेच्या स्पेशल लोकलने चर्चगेटला उतरून सीएसएमटी गाठलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गर्दी, थंडी, बाथरूमच्या रांगा. सी लिंकवर उजाडत होतं. माहीमला सेंट मायकल चर्चसमोरून जाताना, जिथे आम्ही लहानपणी माझ्या माहेरच्या आईबरोबर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला यायचो, मी हात वर करून खूण केली. सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती पाण्याची टेबलं. कॉलेजची पोरं, कुणी शाळेतली, अंधारात येऊन उभी राहिलेली, हात लांब करून बाटली धरायची, आपण न थांबता घ्यायची. काही सोसायट्यांची माणसं घरच्या खुर्च्या आणि ताटं घेऊन रस्त्यावर आलेली, ताटात मीठ लावलेली संत्र्याची फोड, खजूर, बिस्किटं. काल ऐकलेलं सगळं समोर चालू होतं. मी प्रत्येकाला थँक्यू म्हणत गेले, पुढे दम लागायला लागला तेव्हा नुसती मान हलवत.

३३ किलोमीटरच्या आसपास पाय संपले. आपल्याला कुणीतरी आतून बंद केल्यासारखं होतं ते, डोकं म्हणतं चल आणि मांड्या ऐकत नाहीत. पाऊचमधलं शेवटचं सुकेळं खाल्लं, बटर पेपर उघडायला बोटं नीट चालत नव्हती. पेडर रोडचा चढ त्यानंतर येतो. तिथे मी धावले नाही, चालले. आणि पाय ओढला जायला लागला तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, टाच आधी, मग पंजा. शेजारून चालणाऱ्या एका अनोळखी काकांनी विचारलं काय म्हणताय, मी सांगितलं, मग आम्ही दोघं तेच म्हणत वर गेलो. चढाच्या मध्ये एक वयस्कर बाई संत्र्याचं ताट घेऊन उभ्या होत्या, मला म्हणाल्या "घे बाळा, अजून एक घे," आणि मी दोन्ही हात पुढे केले. रडू आलं. दमल्याचं पण असेल. पण त्या क्षणी मला अगदी स्वच्छ कळत होतं की मी इथपर्यंत माझ्या जिवावर आलेली नाही, साडेतीनची पेज, नवऱ्याचे शनिवार, उन्हात उलटलेलं एकेक केळं, आईंची रोझरी, आणि त्या सगळ्यांच्या मागे तो, जो दमलेल्या माणसाला आधी खायला देतो. मी प्रार्थना म्हणून जे म्हटलं ते एवढंच होतं, घेतलं देवा.

साडेपाच तासांच्या आसपास पूर्ण केली. मेडल पपांनी दोन दिवस गळ्यात घातलं होतं, आणि फिजिओच्या मॅडम आल्या तेव्हा मुद्दाम दाखवलं.

पौलाचं वचन मी अजूनही म्हणते. तोही सगळी वाट काही एकट्याच्या जोरावर चालला नव्हता, फिलिप्पीच्या लोकांनी त्याला अडचणीत एकदा नाही, पुन्हा पुन्हा मदत पाठवली आणि त्याने ती घेतली, त्यांना लिहिलेल्या पत्रात त्याचे आभार आहेत. धावण्याच्या शिस्तीवर प्रवचन देताना हे पण सोबत सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, विशेषतः बायकांना, ज्यांना देण्याची सवय असते आणि घ्यायला सांगितलं की संकोच होतो.

यंदा डिसेंबरच्या वसई-विरार मॅरेथॉनला मी धावणार नाही. मी आणि मुलगी पाण्याच्या टेबलावर उभ्या राहणार आहोत, मुलाने पण त्याच्या दोन मित्रांना तयार केलंय. पपांना हे कळल्यापासून त्यांचं एकच चालू आहे, मला पण खुर्ची टाकून द्या, उजवा हात चांगला आहे, बाटली देता येते मला.